आधी थांबवा, मग विचारा

"सापडला!" केतकी खासनीस रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणाल्या आणि त्या ओळीखाली पट्टी ठेवून त्यांनी लाल रेघ मारली.

बँकेचं खातेविवरण कागदावर मागवणारं आता अख्ख्या नाशकात दुसरं कुणी उरलं नसेल. पण केतकीताईंनी चौतीस वर्षं एका बँकेत लेखापरीक्षण केलं होतं आणि पडद्यावरच्या आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा, पट्टी, लाल पेन आणि विवरण, असा त्यांचा सोहळा असे. निनाद होता तोवर तो त्यांना हसायचा. तीन वर्षांपूर्वी जिना चढताना त्याचं हृदय बंद पडलं आणि हसणारंही कुणी राहिलं नाही.

आजची ओळ होती : 'स्पंदनरक्षा, मासिक वर्गणी, नऊशे चाळीस रुपये.' हे नाव त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. महिनाभर काहीतरी फुकट द्यायचं आणि मग गुपचूप पैसे कापत राहायचं, ही असल्या कंपन्यांची रीत त्या पुरती ओळखून होत्या. नोकरीतला त्यांचा नियम साधा होता : आधी थांबवा, मग विचारा. विचारत बसलं की चोराला वेळ मिळतो. त्यांनी बँकेला सांगून वर्गणी बंद केली. 'सेवा थांबवल्यास गंभीर परिणाम होऊ शकतात' असा इशारा आला. "तर तर! सगळे असंच घाबरवतात," म्हणत त्यांनी उरलेला चहा संपवला.

मंगळवारी सकाळी मेथी निवडताना त्यांना आठवलं.

तीन वर्षांपूर्वी असाच एक रविवार होता. दोघांच्या खात्याच्या विवरणात याच नावाखाली त्यांनी अशीच रेघ मारली होती. निनादच्या हृदयात बसवलेल्या यंत्रावर दुरून लक्ष ठेवणाऱ्या सेवेची ती वर्गणी होती. खर्चावरून बोलणी खावी लागतील म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. केतकीताईंनी ती थांबवली आणि विचारायचं राहूनच गेलं. गुरुवारी त्याचे ठोके चुकले तेव्हा ते कुठल्याच पडद्यावर दिसले नाहीत. मेथीची जुडी हातात घट्ट धरून केतकीताई ओरडत राहिल्या. त्यांनी नवऱ्याला मारलं होतं, आणि हे त्यांना आत्ता, या क्षणी कळत होतं.

तासाभरात दारात एक गृहस्थ उभे होते. "मी डॉक्टर तन्मय गद्रे, स्मृतिविज्ञान केंद्रातून आलोय," ते म्हणाले. मग न विचारता स्वयंपाकघरात गेले, बरोबर फडताळातून पेला काढला आणि पाणी घेऊन आले.

"तुम्हाला पेले कुठे ठेवलेत ते कसं ठाऊक?"

"मी अकराव्यांदा येतोय. आधीच्या भेटी तुम्हाला उद्यापर्यंत आठवतील."

केतकीताई पाणी प्यायल्या नाहीत. "निनाद गेला, मग त्याच्या यंत्राची वर्गणी माझ्या खात्यातून का जाते?"

"ती आमची आहे. तुमच्या कानामागे एक स्मृतिझाकण बसवलंय. ते एकच आठवण झाकतं. वर्गणी थांबली की दोन दिवसांत उघडतं."

"मग माझ्यासारखीला वर्गणी ओळखता येणार कशी?"

"नाहीच येणार. आमच्याकडे आलात हे आठवलं, तर का आलात तेही आठवेल. म्हणून आम्हालाही झाकावं लागतं."

त्यांच्यातली लेखापरीक्षक अजून शाबूत होती. "वर्षाचे पैसे एकदम घ्या."

"कायद्यानं दर महिन्याला, तुमच्याच खात्यातून घ्यावे लागतात. नाव मात्र तुम्ही ठरवता. 'दूध' ठेवलं, तर तुम्ही म्हणालात, पिशवी मी स्वतः आणते. 'इमारत निधी' ठेवलं, तर सोसायटीच्या सचिवांना रडवलंत."

"आणि स्पंदनरक्षा?"

"ते मागच्या वेळी तुम्हीच सुचवलंत. म्हणालात, या नावावर माझा हात पुन्हा उठणार नाही. मी सांगितलं होतं, ज्या आठवणीनं हात थांबेल तीच आम्ही झाकतोय. तुम्हाला पटलं नाही."

"नकोच मग ते झाकण. सोसेन मी. दुःख हळूहळू बोथट होतंच की."

"उघडं असलेलं होतं. झाकलेलं मात्र जुनं होत नाही, ताई. तुम्ही आता पहिल्याच दिवशी आहात. अकराही वेळा पहिल्याच दिवशी होता."

केतकीताईंनी संध्याकाळपर्यंत सोसून पाहिलं. जिन्यावर कुणाचीही पावलं वाजली की त्या दाराकडे धावत. सात वाजता त्यांनी डॉक्टरांना पुन्हा बोलावलं.

"कुठलं नाव लावू?"

वीज, पाणी, विमा, औषधं. प्रत्येक नाव त्यांनी स्वतःच्या नजरेनं तपासलं आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःच पकडल्या गेल्या. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही खोटी नोंद सुटली नव्हती.

"तेच राहू द्या," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ऊन छान पडलं होतं. केतकीताईंनी चहा घेतला, पट्टी सरकवत सातव्या ओळीवर आणली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"सापडला!"