घरगाडीतली गरम हवा

"मामा, एसीत पुन्हा गॅस? अहो, होळीनंतरच तर भरला होता तुम्ही!" मिताली कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुला कळतं का गं त्यातलं?" घनश्याममामा घाम पुसत गाडीतून उतरला. "कॉम्प्रेसर गेला याचा. खल्लास! भाऊजी, विकून टाका हा डबा."

बाबांनी, म्हणजे चारुदत्तरावांनी, नुसती मान हलवली. नागपूरचं गिऱ्हाईक संध्याकाळी येणारच होतं. ते आत जाऊन पडले.

डबा म्हणे! मामाला डबा, पण पोरांची ती घरगाडी होती. जुन्या प्रवासी टेम्पोच्या मागच्या सीटा काढून आईनं, सुहासिनीनं, त्यात पलंग, शेगडी आणि चक्क तुळशीच्या कुंडीसाठी कठडा बसवून घेतला होता. दर सुटीत सगळे तिच्यातून भटकायचे. मग दिवाळीनंतर आई तापानं दवाखान्यात गेली, ती घरी परतलीच नाही. तेव्हापासून गाडी दारात उभी. होळीनंतर बाबांनी धीर करून बाहेर काढली, तर डॅशबोर्डचा एसी गरम वारा फेकू लागला. उन्हाळ्यातल्या यवतमाळात असली गाडी म्हणजे भट्टीच की!

मितालीचा धाकटा भाऊ मंदार मात्र रोज दुपारी त्या भट्टीत जाऊन बसायचा. आईच्या पलंगाच्या उशीला अजून तिच्या तेलाचा वास होता. ते गिऱ्हाईक पलंग उपटून त्या जागी भाजीचे क्रेट ठेवणार होतं.

"मी गाडीतून उतरणारच नाही," तो म्हणाला. "येऊ दे त्याला!"

"बाप्पा! मंग तुलेही भाजीसंग नेईन तो," शीला म्हणाली. शीला मितालीच्या वर्गातली, बाभुळगावकडच्या तांड्यावरची. शाळेसाठी ती शेजारी, तिच्या मामाकडे राहायची. "रडून काही होत नाही. डोकं लावा डोकं!"

तिघं ओसरीवर बसली.

"एसीची आतली जाळी स्वच्छ आहे, मी काढून झटकली," मिताली म्हणाली. "पंखा चांगला जोरात फिरतो. आणि गंमत म्हणजे, सुरुवातीला गार वारा येतो! मग कट्ट आवाज होतो आणि गरम."

"असं काहून? गेलेला कॉम्प्रेसर मधातच वापस येते काय?" शीला बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. मंदारला आई आठवली असणार, तो खाली बघत होता.

तेवढ्यात ओसरीवरचा कुलर घुमायला लागला. आवाज भलामोठा, पण वारा नाही! शीला उठून मागे गेली आणि ओरडली, "मंदार! कुलरवर टॉवेल कोनं वाळू घातला बे? मांगून हवाच बंद केली, तर हा समोर काय फेकीन, तुहं डोकं?"

मंदार हसला. कितीतरी दिवसांनी हसला बिचारा. मिताली मात्र एकदम उभी राहिली.

"शीला! एसीचं पण तसंच असतं! आतली गरमी समोरच्या जाळीपाशी बाहेर पडते. तिथे वारा लागला नाही तर एसी तापून बंद पडणारच!"

तिघं धावत गाडीच्या तोंडाशी गेली आणि तिथेच थबकली.

जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मोठी पाटी बसवली होती. पाटीवर हसणारी आई, आणि खाली रंगीत अक्षरं: 'सुहासिनी'. आई गेल्यावर बाबांनीच ती करून आणली होती. थंडीचे दिवस होते तेव्हा. एसी कोण लावतो थंडीत?

"मंदार, शेवटचा एसी कधी चालला होता?" मितालीनं हळूच विचारलं.

"कळंबला गेलो तेव्हा. ऑक्टोबरात." मंदारचा आवाज बारीक झाला. "आई पाय वर घेऊन बसली होती. 'अहो, कमी करा न, पाय गारठले माझे!' म्हणून बाबांवर चिडली होती."

"आणि नंतर गाडीत बदललं काय?"

मंदारला कळलं. त्यानं दोन्ही हात पसरले आणि पाटीला पाठ लावून उभा राहिला. "नाही! आईला हात लावायचा नाही कोणी!"

मितालीलाही रडू फुटलं. तिला तरी कुठे हात लावायचा होता? शेवटी शीलाच पुढे झाली.

"मंदार, गाडी गेली तर उशी जाईन, पलंग जाईन, आन् ही पाटीही जाईन. मंग काय करशीन?"

त्यानं पसरलेले हात हळूहळू खाली घेतले. मग नाक पुसत म्हणाला, "मी काढतो. तुम्ही नाही."

पेचकसानं त्यानं एकेक स्क्रू काढला आणि पाटी छातीशी धरून खाली बसला.

आता गाडी चालू कोण करणार? मितालीनं डोळे पुसले आणि ती मामाकडे गेली. "मामा, गिऱ्हाईक आल्यावर फजिती नको. एकदा तुम्हीच चालवून बघा न! तुमच्याइतकं कळतं कोणाला?"

मामा लगेच फुलला. गाडी सुरू झाली, एसी सुरू झाला. गार वारा आला आणि येतच राहिला. कट्ट नाही, काही नाही!

"पाहा!" मामा ओरडला. "माझा गॅस लागू पडला!"

"मामा, जरा समोर येऊन बघा," मिताली म्हणाली.

मामा ऐटीत उतरला. मोकळी जाळी पाहिली, मंदारच्या मांडीवरची पाटी पाहिली, आणि त्याचा चेहरा उतरला. पाटीवरची ती त्याची सख्खी बहीण होती.

इंजिनाच्या आवाजानं बाबा धावत बाहेर आले. "कोणी काढली पाटी? सांगा, कोणी काढली?" ते कधीच इतक्या मोठ्यानं ओरडले नव्हते.

"मी," मंदार उभा राहिला.

बाबांचा हात वर गेला. मितालीनं तो धरला. "बाबा, आधी आत बसा. फक्त एकदा!"

बाबा बसले. समोरच्या झडपांतून गार वारा त्यांच्या तोंडावर आला. त्यांनी काचेतून पाटीकडे पाहिलं, मंदारकडे पाहिलं, आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं.

"मीच केलं हे," ते म्हणाले. "गाडी जाईल तिथे ती पुढे असावी असं वाटलं मला. आणि मीच हवा बंद केली." स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडू लागले. स्मशानातून आल्यावरही पोरांनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, मी काय कमी मूर्ख?" मामा पुढे येत म्हणाला. "इतक्या वेळा गॅस भरला, पण एकदाही समोर जाऊन पाहिलं नाही. ताईचा फोटो पाहवतच नव्हता न! शाब्बास रे पोरांनो. आम्ही मोठे तोंड फिरवून बसलो, तुम्ही पाहिलं."

मंदार दुसऱ्या दारानं चढला. "बाबा, आई कुठे गाडीच्या पुढे असायची? ती तर इथे बसायची." त्यानं पाटी डावीकडच्या सीटवर ठेवली आणि वरून पट्टा लावला.

बाबांनी डोळे पुसले. "घनश्याम, त्या माणसाला फोन कर. गाडी विकायची नाही म्हणावं. चला रे, कळंबला जाऊन येऊ. शीला, तुझ्या मामाला विचारून ये. तुला सोडून कसं जाऊ आम्ही?"

थोड्या वेळात गाडी कळंबच्या रस्त्याला लागली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत इतकं गार, की शीलानं ओढणी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. बाबांनी गाडी चालवता चालवता डावा हात लांब केला आणि आईच्या सीटकडची झडप बंद केली.

"पाय गारठतात तिचे," ते म्हणाले.