काट्याचं निमित्त

दिपेशची मोटारसायकल थेट वाळत घातलेल्या सुपारीवरून गेली, आणि हेमाली वखारीतून धावतच बाहेर आली.

"अहो! अंगणाला काय रस्ता समजलात?"

त्यानं हेल्मेट काढलं. दिघीच्या जेट्टीवरचा वारा अजून केसांत होता. "सॉरी... मी अलिबागहून आलोय. सोसायटीची वेबसाइट—"

"म्हणजे ते तुम्ही!" हेमाली म्हणाली, आणि पुढचं रागावणं राहूनच गेलं.

बोर्ली पंचतनच्या त्या सुपारी सोसायटीचं ऑफिस तीच सांभाळायची. वजन हातानं लिहिलं की रोज कुणाचं तरी भांडण ठरलेलं. म्हणून आता ते वजनकाट्यावरून सरळ वेबसाइटवर जायला हवं होतं. पण कुठलंही वेबपान कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्राला परस्पर हात लावायला गेलं, की ब्राउझर अडवतो. दिपेशनं मग कॉम्प्युटरमध्येच एक छोटंसं ॲप बसवलं. ब्राउझरनं ॲपला विचारायचं, ॲपनं काट्याला.

दुपारी पहिलं पोतं काट्यावर चढलं आणि पडद्यावर आकडा उमटला. अध्यक्ष रावजीकाका खूश. "भारी काम हाय! उद्या सगल्या सभासदांना दाखवू."

हेमालीला मात्र एक शंका आली. कॉलेजात ती कॉम्प्युटरच शिकली होती. तिनं स्वतःच एक भलतंच वेबपान तयार केलं आणि तिथून वजन विचारलं. ॲपनं लगेच सांगून टाकलं!

"तुमचं ॲप फारच मनमिळाऊ आहे हो," ती म्हणाली. "जो येईल त्याच्याशी बोलतं. उद्या कुणी परक्या पानावरून काटाच शून्यावर आणला, तर सभासद आमच्यावर विश्वास ठेवतील?"

दिपेशचे कान लाल झाले. "चूक माझी. पण... मी तसा नाही हं."

"कसा?"

"जो येईल त्याच्याशी बोलणारा."

हसू लपवायला हेमाली चहा ओतू लागली... तो कपाबाहेरच सांडला.

संध्याकाळपर्यंत दोघं एकाच पडद्यासमोर बसली. परवानगी फक्त सोसायटीच्या पानाला. दुसऱ्या कुणी विचारलं तर ॲपनं तोंडही उघडायचं नाही. हेमालीनं आपल्या भलत्या पानावरून पुन्हा विचारलं. ॲप ढिम्म! दोघांनी आनंदानं टाळी दिली – आणि हात सुटायला जरा उशीरच झाला.

सभासदांसमोर सगळं छान पार पडलं. दिपेश अलिबागला परतला, आणि त्याच वखारीत हेमालीला करमेना. आठवडाभर तिनं मन आवरलं. मग एका सकाळी फोन लावलाच. "अहो... वजन येत नाहीये."

"निघतोच."

मुरूडवरून, फेरीबोटीनं खाडी ओलांडून दुपारी तो हजर झाला. पण कॉम्प्युटरकडे न जाता दारातच थांबला.

"बघा ना," ती कशीबशी म्हणाली.

"काय बघू? निघण्याआधीच वेबसाइटवर पाहिलं मी. सकाळपासून वजनं व्यवस्थित येतायत."

हेमालीला कुठे बघावं कळेना. "मग... आलात कशाला?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून. आणि बोलावलं नसतं, तरी रविवारी येणार होतो. काहीतरी खोटंच सांगून." त्यानं उंबरा ओलांडला. "हेमाली... मला तू आवडतेस. फार."

ती आधी लाजली, मग एकदम खळखळून हसली.

"मग रविवारीही ये. दिवेआगरच्या किनाऱ्यावर जाऊ. मलाही... खूप बोलायचंय तुझ्याशी."

'या'चं 'ये' कधी झालं, तिचं तिलाच कळलं नाही. दिपेशला मात्र बरोबर कळलं होतं.