गोपालचं पित्तर

सोयाबीनची सोंगणी अजून उरकली नव्हती आणि घरातली सगळी माणसं इतकी दमली होती, की जेवणं झाल्यावर झोपायला उठायचाही कंटाळा. अंगणात बाजा टाकल्या होत्या. लाईट गेलेली. नणंद पूनम माझ्या मांडीवर पाय टाकून पडली होती. नवी भावजय असते ती त्यासाठीच.

धाकटे दीर राजकुमार यांनी यंदा पित्तरपाटात, म्हणजे पितृपक्षात, तीन घरी ताव मारला होता. त्याचं वर्णन संपता संपेना. ते संपलं तेव्हा ते मोठ्या मामाजींकडे वळले. मोठे मामाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, किसनराव.

"मोठेबाबा, तुमी कोनाच्याच घरी पित्तर जेवाले गेले नाही यंदा. काऊन?"

आमच्याकडे पित्तर म्हणजे नुसता कावळ्याचा घास नाही. घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावानं एक जिवंत माणूस जेवायला सांगतात. त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, पाटावर बसवून कढी, वडे, खीर वाढायची. जेवण होईपर्यंत तोच त्या घरचा बाप, नाहीतर आजा, जो कोणी गेला असेल तो. त्याच्याआधी घरात कुणी तोंडात घास घालत नाही. सर्वपित्रीला तर गावातल्या पुरुषांना असा भाव येतो, की एरवी ज्याला कुणी चहा विचारत नाही त्याचेही पाय धुतले जातात.

मोठ्या मामाजींनी तंबाखू मळली, दाढेखाली धरली.

"भागवतच्या घरचं झालं, तवापासून नाही जात," म्हणाले.

मोठ्या सासूबाई पलीकडच्या बाजेवर लवंडल्या होत्या. त्यांनी कूस बदलली आणि पाठ आमच्याकडे केली. भागवतरावांची बायको त्यांची सख्खी बहीण.

मग मामाजींनी जे सांगितलं ते असं.

भागवतराव म्हणजे त्यांचे साडू. गाव वडनेर भोलजीच्या पुढे, हायवे सोडून आत. त्यांचा धाकटा भाऊ गोपाल ट्रकवर क्लीनर होता. तेरा वर्षांपूर्वी तो ट्रक सुरतेच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभा सापडला. माल नाही, ड्रायव्हर नाही, गोपाल नाही. पोलीस दोनदा घरी आले. पहिल्या खेपेला विचारलं, त्याला कुणी मारून टाकलं असेल का. दुसऱ्या खेपेला विचारलं, माल विकून तो कुठे लपला असेल. तिसऱ्यांदा आले नाहीत. घरात दोन्ही प्रश्न तसेच राहिले.

गोपालची बायको पुष्पांजली. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी पूनमचे पाय मांडीवरून हळूच खाली केले.

ती सासरीच राहिली. कुंकू लावायची, कारण पुसायला काही कारण मिळालं नव्हतं. सणावाराला तिनं हिरव्या बांगड्या भरायच्या की नाही, हे गल्लीतल्या बायका तिच्यासमोरच ठरवायच्या. एखाद्या वर्षी हो, एखाद्या वर्षी नाही.

बारा वर्षं पत्ता लागला नाही की वाट पाहणं संपतं, अशी जुनी रीत. गेल्या साली तिचा भाऊ जळगाव जामोदहून आला आणि भागवतरावांना म्हणाला, की एकदाचं गोपालचं पित्तर घाला, म्हणजे मी बहिणीला घेऊन जातो, तिचं दुसरं काही पाहतो. भागवतराव हो म्हणाले. त्यांची आई तानुबाई नाही म्हणाली.

"जित्या पोराले पित्तर जेवू घालते काय कोनी? तुमीच मारून राह्यले त्याले."

पुष्पांजलीला कुणी विचारलं नाही. हे सांगताना मामाजी थांबले नाहीत. थांबले असते तर मला बरं वाटलं असतं.

मेल्याची तिथी माहीत नसली की सर्वपित्री. गेल्या साली ती गांधी जयंतीच्या दिवशी आली होती. आभाळ भरून आलेलं, पाऊस पडला तर उभं सोयाबीन काळं पडणार, म्हणून सगळं गाव वावरात. पित्तराला सांगितलं होतं फाट्यावरच्या भाऊरावांना. ते दुपारी आले नाहीत. भागवतरावांनाही वावरातून यायला दिवेलागण झाली. घरात सकाळपासून चूल पेटलेली आणि पोटं रिकामी. तानुबाई मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. भागवतरावांनी हातपाय धुतले, मोटारसायकल काढली आणि भाऊरावांना आणायला फाट्यावर गेले.

भाऊराव पोट धरून पडले होते. त्यांची बायको दारातूनच म्हणाली, "सकाळपासून दोन घरचे बाप झाले हे. आता तिसऱ्या घरचा भाऊ होनं यायच्यानं होत नाही."

राजकुमार खो खो हसले. पूनमही हसली. मामाजींनी दोघांचं हसू संपू दिलं.

भागवतराव माघारी निघाले तेव्हा आठ वाजून गेले असतील. अमावास्येची रात्र. हायवेचे दिवे मागे पडले की त्या रस्त्याला दुसरा उजेड नाही. दोन्ही बाजूंना कापलेली वावरं. ओढ्यावरचा रपटा ओलांडला आणि मोटारसायकलच्या उजेडात एक माणूस दिसला. गावाकडेच चालला होता. डोक्यावरून तोंडावरून दुपट्टा बांधलेला, ट्रकमध्ये मागे बसून धूळ खात आलेली माणसं बांधतात तसा.

सोंगणीला बाहेरगावचे मजूर येतात, त्यातलाच एक असेल असं भागवतरावांना वाटलं. खरं तर काही वाटायचंही त्राण नव्हतं. घरी माणसं उपाशी होती. त्यांनी गाडी थांबवली, जेवण झालं का म्हणून विचारलं. त्यानं मान हलवली. नाही.

बसा म्हटलं. तो मागे बसला.

आता पित्तराला बसणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागते. कुणाच्या नावानं जेवायचं ते. परक्या माणसाचं मरण अंगावर घ्यायचं, तर त्याला निदान नाव तरी ठाऊक हवं. भागवतरावांनी गाडी चालवता चालवता, मागे न पाहता सांगितलं.

"माह्या भावाच्या नावानं जेवाचं हाय. गोपाल नाव त्याचं. चालते ना?"

शाळा गेली. पाण्याची टाकी गेली. गाडी गावात शिरली. भागवतरावांना वाटलं, ऐकू गेलं नसेल, परत सांगावं. तेवढ्यात अगदी कानापाशी…

"जेवतो."

"एवढंच?" राजकुमारांनी विचारलं.

"एवढंच."

मामाजी उठून कोपऱ्यात थुंकून आले. पुन्हा बसले.

ते दारात पोचले आणि लाईट गेली. जातेच. देव्हाऱ्यात एक दिवा होता, तेवढाच. पाहुण्याच्या पायावर पाणी घालणं सुनेचं काम. थोरली चुलीपाशी होती, म्हणून पुष्पांजलीनं घातलं. खाली मान घालून. मग गंधाची वाटी घेतली. त्यानं दुपट्टा कपाळावरून जरा वर सरकवला, तेवढाच. तिनं बोट टेकवलं…

हे पाहणारी एकटी भागवतरावांची बायको. ती सांगते, पुष्पांजलीचा हात तिथंच राहिला.

बराच वेळ.

मग तिनं हात काढला आणि वाढायला गेली.

भागवतराव बाहेर ओट्यावर, दाराला टेकून बसले. जेवणारा संकोचू नये म्हणून. मागच्या दाराला सोयाबीनची पोती लावलेली होती, छातीइतकी. घरात जायला यायला तेवढं एकच दार, आणि त्यात भागवतराव.

आत तो जेवत होता. कढी भुरकल्याचा आवाज. वडा मोडल्याचा.

मागच्या खोलीत तानुबाई सकाळपासून पुटपुटत होती. ते पुटपुटणं थांबलं.

"पुष्पा. कोन हाय तिथं?"

पुष्पांजली कढी वाढत राहिली.

"पुष्पा… कोन जेवून राह्यलं?"

थोरली चुलीपाशीच. भागवतराव बाहेर. त्यांना वाटलं, म्हातारी भांडण काढते आता. पण म्हातारीनं पुढे काही विचारलं नाही.

पुष्पांजलीनं खीर वाढली. त्यानं ती संपवली. आता शेवटचं राहिलं होतं. पित्तराला विचारायचं, पोट भरलं का. त्यानं भरलं म्हणायचं. म्हटलं की गेलेला माणूस सुटला, आणि घरही सुटलं.

ती पाटासमोर उभी राहिली.

"पोट भरलं का?"

दिव्याची वात… मामाजींनी बोटानं काहीतरी दाखवलं, अंधारात आम्हाला दिसलं नाही.

ती उभीच.

"भरलं," तो म्हणाला.

आणि मग…

"तू जेव आता."

पूनम उठून बसली. परका माणूस कुणाच्या सुनेला तू म्हणत नाही. आमच्या गावात नाही, त्यांच्याही नाही. हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

लाईट आली.

पाट रिकामा. ताट चाटूनपुसून साफ. भागवतराव दक्षिणा आणि पान घेऊन आत आले आणि विचारलं, गेले कुठं? त्यांची बायको म्हणाली, तुमच्याच जवळून गेले असतील. भागवतराव म्हणाले, माझ्याजवळून कुणी गेलं नाही. मग मोबाईलची बॅटरी लावून दोघांनी घर पाहिलं. बाजेखाली. कोठीमागे. पोती जागच्या जागी. तानुबाई मागच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभी होती. ती काही शोधत नव्हती. पाटाकडे पाहत होती.

पुष्पांजलीनं ताट वाढून घेतलं. सासू उभी, दीर उभा, आणि ती खाली बसून जेवली. कढी, वडे, खीर.

"बारा सालात तिले येवढं जेवताना नाही पाह्यलं, म्हने माही बहीन," मोठ्या सासूबाई म्हणाल्या. आम्हाला वाटत होतं त्या झोपल्या. पाठ अजून तशीच होती.

सकाळी पहिल्या बसनं पुष्पांजलीचा भाऊ आला. तिची थैली तयारच होती. तानुबाईनं अडवलं नाही. सून पाया पडली तेव्हा तिनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, "त्यानंच सांगतलं तुले. मी काय बोलू?"

दाराबाहेर, पायरीखाली, चपलांचा एक जोड होता. काळ्या रबरी चपला, गड्यामाणसाच्या. भागवतराव रात्री त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. अंधारात दिसल्या नाहीत. त्यांच्या मापाच्या नव्हत्या. भाऊ म्हणाला, कोण्या मजुराच्या राहिल्या असतील. पुष्पांजलीनं एक उचलली. उलटी करून पाहिली. कोरी होती. तळाला ना माती, ना घासल्याची खूण. रपट्यापलीकडून चालत आलेल्या माणसाची चप्पल…

तिनं ती होती तशी ठेवली. तोंड घराकडे.

"राहू द्या," म्हणाली. आपल्या चपला घातल्या आणि भावाच्या मागे निघाली. मागे वळून पाहिलं नाही. यंदा उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा पंपावर कामाला आहे. बरी आहे.

मामाजी थांबले. गोष्ट संपली असं आम्हाला वाटलं. मला तर ती चांगलीच संपली असं वाटलं. ती गेली, जेवून गेली, एवढं पुष्कळ होतं. दूर कुणाच्या तरी वावरात थ्रेशर चालू होता, तो बंद पडला.

"अन् त्या चपला?" राजकुमारांनी विचारलं. आवाज लहान झाला होता.

"हायेत ना. तिथंच. तानुमावशी हात लावू देत नाही कोनाले. म्हने, घरातल्या मानसाच्या चपला हायेत, दाराशीच राहतीन. भागवत येता जाता ओलांडून जाते."

"कोनी घालत नाही?"

"कोन घालन?"

मामाजींनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला. ते फार दमलेले दिसत होते. सोंगणीचा तो थकवा नव्हता.

"मी गेल्तो यंदा, पित्तरपाटातच. मावशी आत होती. म्हनलं, पाहू तरी. उलटी केली एक…"

त्यांनी आपला तळहात उलटा करून पाहिला.

"टाचा झिजेल हायेत."