एकाच कादंबरीत तीन पाहुणे

“थांब! पुढं वाचू नकोस!” लंबू स्टुलावरून जवळजवळ पडलाच. “पाहुणा आला! माझा गुण!”

“तुझा कसा? वाचतेय मी, म्हणजे आधी मला दिसला,” ताई म्हणाली.

“दिसला तुला, पण ओळखला मी!”

“नंतर भांडा रे,” पडद्यावरची नजर न हलवता आत्या म्हणाली. “आधी मला सांगा, ‘होडी’च्या पुढं स्वल्पविराम आहे का नाही?”

सुट्टी लागली की छापखाना हेच या मुलांचे अंगण होई. ताई तेरा वर्षांची. तिचे बाबा मागच्या खोलीत पुस्तकांची बांधणी करत. टिल्लू तिचा धाकटा भाऊ. लंबू आतेभाऊ; त्याची आई, म्हणजे आत्या, पुढच्या खोलीत संगणकावर पुस्तकाची पाने लावत असे. बांधणीत बिघडलेल्या प्रती घरी न्यायला मुलांना परवानगी होती. त्यामुळे इथेच छापल्या जाणाऱ्या लेखिकाबाईंच्या साऱ्या कादंबऱ्या त्यांनी उलटसुलट शिवलेल्या प्रतींतच वाचल्या होत्या. एका प्रतीत तर शेवटचे प्रकरण पहिले होते!

या वाचनातच त्यांना एक गंमत सापडली. बाईंची प्रत्येक कादंबरी स्वतंत्र असे. गाव वेगळे, माणसे वेगळी. तरीही प्रत्येकीत कुठेतरी अर्ध्या पानापुरते आधीच्या एखाद्या कादंबरीतले माणूस वाटेने जाताना दिसे. त्याचे नाव सांगितलेले नसे. एखादी लकब, एखादी जखमेची खूण, एवढ्यावरून ओळखायचे! परीक्षणे लिहिणाऱ्या मोठ्या माणसांना हे कधी दिसले नव्हते. मुले अशा माणसाला ‘पाहुणा’ म्हणत. एका पुस्तकात एकच पाहुणा, आणि तो कधीही थांबत नसे.

नवी कादंबरी एका नावाड्याच्या कुटुंबाची होती. बाईंचा हात आता कापतो, म्हणून त्या मजकूर सांगत आणि त्यांचा पुतण्या उतरवून घेत असे. ताई ते कागद मोठ्याने वाचत होती आणि आत्या पडद्यावर ताडून पाहत होती.

“ही डाव्या पायानं लंगडणारी बाई म्हणजे टपालवाली. पहिल्या कादंबरीतली,” लंबू म्हणाला. “पण भरलेली पिशवी घेऊन ती परत का चाललीय?”

“रजेवर असेल,” टिल्लू म्हणाला.

“रजेवर जाताना कुणी पत्रं घेऊन जातं का, शहाण्या!”

दोन प्रकरणांनंतर ताई पुन्हा अडखळली. नावाड्याच्या अंगणातून एक अर्धी मिशी जळलेला गृहस्थ चालला होता. त्याने ओट्यावरचा दुधाचा पेला उचलला, हुंगला आणि काही न बोलता मातीत ओतला.

“औषधवाला!” टिल्लू ओरडला. “दोन पाहुणे! बाई नियम विसरल्या!”

या वेळी कुणी गुण मागितला नाही. ताई भराभर पाने उलटू लागली. शेवटून तिसऱ्या प्रकरणात, होडीशी काही संबंध नसताना, हातोडी खांद्यावर टाकलेला एक डावखुरा माणूस एका घरासमोर उभा होता. तो वरच्या मजल्यावरच्या एका दाराकडे बघत होता. त्या दाराची कडी बाहेरच्या बाजूने होती.

“कुलूपवाला,” लंबू हळूच म्हणाला.

ताईने कागद खाली ठेवले.

“टपालवालीनं तिच्या पुस्तकात काय केलं होतं?” ताईने विचारले. “म्हाताऱ्या मास्तरांची पत्रं घरातलंच कुणीतरी दडवतंय, हे तिनं ओळखलं होतं.”

“औषधवाल्यानं धडधाकट बाईच्या दुधात झोपेचं औषध मिसळलेलं पकडलं होतं,” लंबू म्हणाला.

“आणि कुलूपवाला,” टिल्लूचा आवाज बारीक झाला, “त्याला खोलीच्या बाहेरून कडी बसवायला सांगितली होती. तो नाही म्हणाला होता.”

“पत्रं बाहेर जात नाहीत. दुधातून औषध देतात. बाहेरून कडी,” ताई म्हणाली. “आत्या, बाई छापखान्यात कधीपासून आल्या नाहीत गं?”

आत्या पडद्यावरून वळली. लेखिकाबाई म्हणजे एका स्वल्पविरामासाठी दोन जिने चढून येऊन भांडणारी बाई! आणि मागच्या पावसाळ्यानंतर त्यांचा आवाजही कुणी ऐकला नव्हता.

---

“अरे, कादंबरी आहे ती!” प्रकाशककाका हसून हसून खोकले. छापखाना त्यांचाच होता. “कादंबरीत माणसं येतात, जातात. त्यात काय एवढं?”

“काका, तुम्ही बाईंची पहिली कादंबरी वाचलीत?” ताईने विचारले.

“मी छापली! वाचायला लोक आहेत.”

तेवढ्यात दारातून एक मऊ आवाज आला. “कसली चर्चा चाललीय?”

पुतण्या उभा होता. इस्त्रीचा शर्ट, नीट बसवलेले केस, हातात कातडी पिशवी. तो नेहमी हसत असे. डोळे मात्र त्या हसण्यात कधी सामील होत नसत.

“काही नाही हो, पोरांचे खेळ,” काका म्हणाले. “बाई कशा आहेत?”

“काकू थकल्यात. सारख्या झोपून असतात. पुढच्या आठवड्यात त्यांना लांबच्या एका विश्रामधामात ठेवतोय. फार शांत जागा आहे. भेटायला कुणी येऊ शकत नाही.” मग तो ताईकडे वळला. “मुलांनी फार वाचू नये. डोळे जातात.”

त्याने हे अगदी प्रेमाने सांगितले, म्हणूनच ताईच्या अंगावर काटा आला.

दुपारी तिघे बाईंच्या घरापर्यंत गेले. रस्ता उन्हाने पांढरा झाला होता. शेजारच्या घरांच्या खिडक्या वाऱ्यासाठी सताड उघड्या होत्या. या घराच्या वरच्या मजल्यावरची एकही खिडकी उघडी नव्हती. दारातल्या पत्रपेटीचे तोंड चिकटपट्टीने बंद केले होते. लंबूने घंटा वाजवली. वर काहीतरी फरफटले, जणू कुणी खुर्चीसकट दाराकडे येऊ पाहत होते. मग खालून पुतण्याचा आवाज आला: “काकू! पडून राहा म्हटलं ना?” आणि वरचा आवाज एकदम थांबला.

तिघे कोपऱ्यापर्यंत पळत सुटले.

“पोलिसांकडे जाऊ,” लंबू धापा टाकत म्हणाला.

“आणि काय सांगू? कादंबरीत दूध सांडलं?” ताई म्हणाली. “तो म्हणेल, काकू आजारी आहे, आणि सगळे मान डोलावतील. बाईंनी स्वतः सांगायला हवं.”

“पण त्यांना विचारणार कसं? चिठ्ठी तर तोच वाचणार!”

ताईने घराकडे वळून पाहिले. मग एकदम म्हणाली, “बाईंनी आपल्याकडे पाहुणे पाठवले. आपणही एक पाठवू!”

बाईंचा एक शिरस्ता होता. तपासणीच्या शेवटच्या छापील पानांवर, प्रत्येक पानाखाली त्यांची सही असल्याशिवाय पुस्तक छापायचे नाही. ती पाने पुतण्याच घेऊन जाणार आणि परत आणणार होता. पण कादंबरी स्वतः लिहून काढूनही त्याला पाहुणे दिसले नव्हते, कारण बाईंची जुनी पुस्तके त्याने कधी उघडलीच नव्हती.

आत्याने सारे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला. “दुसऱ्याच्या पुस्तकात आपलं वाक्य घालायचं? अगं, या हातांनी आजवर कुणाचा काना-मात्रा बदलला नाही मी!”

“आई, त्या उद्या लांब गेल्या तर?” लंबू म्हणाला.

आत्याने खुर्ची मागे सरकवली. “बस ताई. चारच ओळी. आणि नंतर मालकांना मी स्वतः सांगणार.”

ताईने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. बाईंच्या एका कादंबरीत एक दिवेवाली होती. कुणीही बोलावले तरी जाऊन त्याचे बिघडलेले दिवे ती दुरुस्त करून देई. आता ती नावाड्याच्या दारात आली:

‘दिवेवाली दारात थांबली. “वरच्या खोलीतला दिवा मंदावलाय, असं मला वाटेत तिघांनी सांगितलं,” ती म्हणाली. “खरं आहे का? असेल तर येताना कुणाला घेऊन येऊ?”’

“दिवेवाली इतकी बोलते?” लंबूने शंका काढली.

“आज बोलेल!”

---

पाने गेली. ती परत येईपर्यंत मुलांना जेवण गोड लागले नाही. पुतण्याने ती वाचली तर? बाईंना औषधाच्या गुंगीत ती ओळ दिसलीच नाही तर? आणि सर्वांत वाईट शंका टिल्लूने एकदाच बोलून दाखवली: “आपल्यामुळं त्यानं औषध वाढवलं तर?”

अखेर कातडी पिशवी आत्याच्या टेबलावर आपटली. “घ्या. सगळ्या सह्या झाल्यात. काकूंनी कुठंकुठं खरडलंय थोडं, म्हाताऱ्या माणसांना खोड असते. लवकर छापा.” एवढे बोलून पुतण्या प्रकाशककाकांच्या खोलीत गेला.

ताईने भराभर ते पान शोधले. दिवेवालीच्या बोलण्याखाली, समासात, एखादी मुंगी शाईत बुडून चालत गेल्यासारखी अक्षरे होती:

‘“खरं आहे,” आतून उत्तर आले. “माझ्या जुन्या डॉक्टरीणबाईंना आण. मागच्या जिन्याने ये. आणि बाई, उशीर करू नकोस; आता मला दिवस आणि रात्र वेगळी ओळखता येत नाही.”’

पुतण्याने ते वाचले असते, तरी त्याला ती कादंबरीच वाटली असती!

ताई पान घेऊन बाबांकडे धावली. बाबांच्या बोटांना खळ लागली होती. त्यांनी ताईचे सारे ऐकले, पान दोनदा वाचले, हात पुसले आणि एकच प्रश्न विचारला: “तो आत्ता कुठं आहे?”

“काकांच्या खोलीत.”

“मग त्याला तिथंच राहू दे.”

ते काम लंबूने अंगावर घेतले. तो खोलीत शिरला आणि अदबीने म्हणाला, “साहेब, आई विचारतेय, मागच्या पुठ्ठ्यावर तुमचा फोटो घ्यायचा का? मजकूर तुम्ही उतरवून घेतलात ना!”

पुतण्याचा हात आपोआप केसांकडे गेला. “म्हणजे, तुम्हाला योग्य वाटत असेल तर...”

“डावीकडून घ्यायचा की समोरून?” मागोमाग आत येत आत्याने विचारले. “आणि शर्ट हाच? थोडा गडद असता तर... बसा ना! मालक, चहा सांगा.”

प्रकाशककाका गोंधळून बघत होते. बाबांनी जाता जाता हाती दिलेले ते पान आत्याने हळूच त्यांच्यापुढे सरकवले. काकांचा चेहरा हळूहळू उतरला. मग त्यांनी चहा सांगितला आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

इकडे बाबा, डॉक्टरीणबाई, ताई आणि टिल्लू मागच्या जिन्याने चढत होते. डॉक्टरीणबाईंना पुतण्याने केव्हाच ‘येऊ नका’ म्हणून कळवले होते. जिन्याला ओलसर कोंदट वास येत होता. वरच्या दाराला बाहेरून नवी कोरी कडी होती, आणि शेजारी जमिनीवर दुधाचा रिकामा पेला होता.

बाबांनी कडी काढली.

अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर लेखिकाबाई बसल्या होत्या. त्या किती लहान दिसत होत्या! छापखाना दणाणून सोडणाऱ्या बाईंची मान धड उभी राहत नव्हती. दाराचा आवाज होताच त्यांनी अंग चोरले. मग त्यांना ताईचे रडवेले डोळे दिसले.

“कोणत्या पुस्तकातून आलात?” त्यांनी जड जिभेने विचारले.

“छापखान्यातून, बाई,” ताई म्हणाली. “आम्ही वाचतो तुम्हाला.”

बाईंनी ताईचा हात धरला. डॉक्टरीणबाईंनी त्यांची नाडी धरली, डोळे तपासले, पेला हुंगून रुमालात गुंडाळला आणि कठोर स्वरात म्हणाल्या, “रुग्णवाहिका बोलवा. आणि पोलीस.”

---

पोलिसांनी पुतण्याला छापखान्यातच, फोटोचा तिसरा नमुना बघताना पकडले. बाईंच्या साऱ्या पुस्तकांचे हक्क आणि घर त्याच्या नावावर करण्याचे कागद त्या कातडी पिशवीतच होते. विश्रामधामात नेण्यापूर्वी गुंगीत त्यांची सही घ्यायची एवढेच बाकी होते.

आठवड्याभरात बाई रुग्णालयातल्या उशीला टेकून बसू लागल्या. सगळी मंडळी भेटायला गेली.

“पोरांनी लाज राखली आमची,” प्रकाशककाका खाली मान घालून म्हणाले. “इतकी वर्षं तुम्हाला छापलं मी. आता रोज रात्री वाचत बसतो. आणि या तिघांना माझ्याकडून हवं ते पुस्तक, कायमचं!”

“सरळ शिवलेलं?” टिल्लूने विचारले. सगळे हसले.

“पोलिसांना जे सुचलं नसतं, ते या मुलांना सुचलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अजून थोडे दिवस गेले असते, तर माझा उपयोग झाला नसता.” बाबांनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

बाईंनी ताईला जवळ बोलावले. “तुझी दिवेवाली फार बोलते गं. माझी इतकी बोलत नाही.”

ताईचा चेहरा पडला.

“पण माझी तिथं आलीच नव्हती,” बाई म्हणाल्या. “तुझी आली. ती पुस्तकात राहील. बाकीच्या तिघांना काढून टाका. नावाड्याच्या गोष्टीत त्यांचं काही काम नव्हतं. मी नाइलाजानं उभं केलं होतं त्यांना. आता घरी जाऊ देत.”

“आणि आम्हाला ते दिसले नसते तर?” लंबूने विचारले.

बाई उत्तर द्यायला गेल्या. पण तेवढ्यात परिचारिका औषधांची गाडी ढकलत बाहेर गेली आणि सवयीने तिने खोलीचे दार ओढून घेतले. खट् असा आवाज झाला. बाईंचे बोलणे तिथेच तुटले. त्यांची बोटे चादरीत रुतली, नजर दारावर खिळली.

टिल्लू उठला. त्याने दार सताड उघडले आणि त्याला पाठ टेकून तो उंबऱ्यात मांडी घालून बसला.

“बोला बाई,” तो म्हणाला. “मी बसलोय इथं.”