दफाला लोबान कोणी दिला?

"साहेब, माझ्या अम्मीचा आवाज चोरीला गेला!"

वीस वर्षांच्या नोकरीत फौजदार बद्रीनाथांनी अशी फिर्याद ऐकली नव्हती. शुक्रवारची दुपार होती. बेगमपुऱ्यातल्या एका खोलीत फकिरा सिद्दी डोकं धरून बसला होता. त्याचे हबशी पूर्वज निजामाच्या फौजेत दफ वाजवायचे. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, फौज मोडली, वाजवणारे पांगले. त्याची आई तेवढी गात राहिली. १९५८ साली तिच्या गाण्यांची एकच टेप निघाली. फकिरा तेव्हा हैदराबादेत मजुरीला होता. परतला तेव्हा आई मातीआड झाली होती आणि टेप वाजवायला यंत्र नव्हतं.

आता उमा नावाची बाई सिद्द्यांच्या विसरलेल्या संगीतावर माहितीपट काढत होती. उद्या ती टेप वाजणार होती.

"टेप कुठं होती?"

"खुंटीवरच्या दफामागं, कोनाड्यात. मी नमाजला गेलो. आलो तर नाय."

बद्रीनाथांनी खुंटीखालच्या धुपाटण्याला हात लावला. राख कोमट होती.

"लोबान तुम्ही जाळला?"

"नाय साहेब. दफ उतरवायच्या आधीच जाळतो आम्ही. नायतर हात झडतात, अम्मी म्हणायची. पण हे ती फक्त घरात अन् शागिर्दांना सांगायची."

फकिरानं टेपची जागा उमाला दाखवली होती आणि तिनं ती काल आपल्या दोघा सहकाऱ्यांनाच सांगितली होती. बद्रीनाथांनी दोघांनाही तिथंच बोलावलं.

ध्वनिमुद्रणवाला रामकिसन आधी आला.

"तो दफ काढ बरं."

त्यानं तो सरळ ओढून काढला. "घ्या साहेब. लई जड हाय."

दफ पुन्हा खुंटीला लावून त्यांनी दुसऱ्याला आत घेतलं. माहितीपटाचे सल्लागार हेमचंद्र नाकाला रुमाल लावूनच आले. लोकगीतांच्या पुस्तकावर त्यांना मानसन्मान मिळाले होते. ती गाणी म्हणे त्यांच्या मावशीच्या तोंडची.

"सिद्द्यांकडं याआधी कधी आला होतात?"

"छे! असल्या लोकांच्या उंबऱ्यावर आज पहिल्यांदा पाय ठेवतोय."

"तेवढा दफ काढा."

हेमचंद्रांचा हात खुंटीपाशी अडला. नजर आपसूक धुपाटण्याकडं गेली.

"घाबरलात? हात झडतील म्हणून?" बद्रीनाथ म्हणाले. "चोरानं चोरीआधी दफाला लोबान दिला. रामकिसनला ही रीत ठाऊक नाही. ती कळायला फकिराच्या अम्मीचा शागिर्दच लागतो. तुमची पुस्तकातली गाणी तिचीच. टेप वाजली असती, तर मावशीची थाप उघडी पडली असती."

हेमचंद्रांनी काखेतली पिशवी पोटाशी धरली. टेप तिच्यातच निघाली.

"पुसून का नाही टाकली?"

"दोन गाणी... अजून उतरवून घ्यायची राहिली होती."

बद्रीनाथांना किळस आली. खिसेकापू परवडला, निदान तो मेलेल्या गुरूचा खिसा कापत नाही.

निरोप मिळताच उमानं यंत्र आणून लावलं. दफ घुमला. म्हातारीनं एक ओळ गायली. मागोमाग एका तरुणानं ती चुकवली. "नको घाबरू हेमू," ती हसली, "फिरसे बोल."

बद्रीनाथ फकिराकडं वळले. "यानं काय काय नेलं, ते फिर्यादीत लिहून घेतो. सांगा."

फकिराच्या डोळ्यांना धार लागली होती. "मागून लिव्हा साहेब. आधी याला भाईर न्या. मला अम्मीला ऐकायचंय."