पाचव्या महिन्याची खूण

मुलांच्या पेशींवरची खूण कधी पडली ते सांगणाऱ्या खूणकाल-वाचकाच्या पडद्यावर एकशे बारावा नमुना उमटला, तेव्हा डॉ. सुगंधा हिलमने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. निष्कर्ष तोच होता.

"यंत्र चुकतंय का गं, नसरीन?"

"तीनदा तपासलं, ताई. यंत्र बरोबर आहे. चुकला तो आपला अंदाज," तिची सहकारी डॉ. नसरीन मुकादम म्हणाली.

अंदाज सुगंधाचा होता, आणि त्यामागे तीन वर्षांचा राग होता. जिल्ह्यातल्या शाळांत वजनं झाली, तेव्हा कातकरी मुलांमध्ये लठ्ठपणा इतरांच्या दुप्पट निघाला होता. आहार संस्थेचे प्रमुख डॉ. अच्युत सरंजामे यांनी लगेच जाहीर केलं, की या जमातीच्या रक्तातच 'साठवण जनुक' आहे आणि वर खाऊ घालताना आयांचा हात सैल असतो. त्यांच्या अहवालावरून कायदा झाला आणि सातशे मुलं आयांकडून काढून आरोग्यगृहात नेली गेली. त्यांत, स्वतः कातकरी असलेल्या सुगंधाची लेक मैनाही होती. तिच्या कागदावर सरंजाम्यांनी स्वतः लिहिलं होतं, 'आई उच्चशिक्षित असूनही असमर्थ.' त्या दिवशी सुगंधाने ठरवलं, की या माणसाला चारचौघांत त्याच्याच शास्त्राने खाली ओढायचं.

जनुक बदलत नाही, पण त्यावर रासायनिक खुणा बसतात. कोणतं जनुक जागं ठेवायचं आणि कोणतं निजवायचं हे त्या ठरवतात. उपासमारीत अशी एक खूण पडते, ती शरीराला सांगते, मिळेल ते साठव. कोळशाच्या भट्ट्यांवर उपाशी राबलेल्या आज्यांकडून ती मुलांत उतरली असावी, अशी सुगंधाची खात्री होती.

"आजीकडून आली असती तर ती रक्तात, गालाच्या त्वचेत, सगळीकडे सापडली असती," नसरीन म्हणाली. "ही फक्त चरबीच्या पेशींत आहे. म्हणजे गर्भात अवयव वेगळे झाल्यानंतर पडलेली. पाचव्या महिन्यात."

"आणि थोरली भावंडं?"

"बारा वर्षांआधी जन्मलेल्या एकाही मुलात नाही."

सुगंधा खुर्चीत बसली. बारा वर्षांपूर्वी सरंजाम्यांनी भाकीत केलं होतं, की या जमातीची पुढची पिढी लठ्ठ होणार. ते टळावं म्हणून त्यांनी कातकरी गरोदर बायांसाठी 'मापाचा आहार' सुरू केला. पाचव्या महिन्यापासून निम्मं जेवण. पोटातल्या गर्भाला कळलं, बाहेर दुष्काळ आहे, आणि तो साठवायला शिकला. भाकितानेच भाकीत खरं केलं होतं.

तिला हवा होता तो पुरावा हातात आला होता. पण बाया त्या आहाराला सुरुवातीला तयार नव्हत्या. तेव्हा सरंजाम्यांची एक विद्यार्थिनी, स्वतः पोटुशी, वाडीवाडीवर हिंडली होती. त्या आहाराचा डबा तिने त्यांच्यासमोर खाल्ला होता आणि म्हणाली होती, "मी आपलीच आहे ना? मी खाते, तुम्हीही खा." ती सुगंधा होती.

त्या कायद्यावरच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी सरंजामे प्रयोगशाळेत आले. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते उभेच राहिले.

"उद्या कारण म्हणून आज्यांची उपासमार, एवढंच सांग," ते म्हणाले. "मी दुजोरा देतो. भट्ट्यांचे मालक कधीच मेले, कुणाला त्रास नाही. मैना आठवड्यात घरी येईल."

"आणि बाकीची मुलं, सर?"

"एकेक करून बघू."

"आज ज्या बाया गरोदर आहेत, त्या अजून तोच डबा खातात."

सरंजामे शांतपणे म्हणाले, "त्या कायद्याचं कलम नऊ मी लिहिलंय, सुगंधा. मुलांच्या लठ्ठपणाला कारणीभूत ठरलेल्या माणसाला त्या मुलांच्या शंभर मीटर आत येता येत नाही. आहार देणारा आणि त्याचा प्रचार करणारा, दोघंही आले त्यात. मी बुडेन, पण तूही बुडशील."

"बुडेन," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याआधी."

सुनावणीत तिने एकशे बारा नमुने एकामागून एक वाचून दाखवले. सरंजाम्यांचा चेहरा उतरत गेला, तसा तिने आवाज मुद्दाम सावकाश केला. तीन वर्षं ती याच क्षणाची वाट पाहत होती, आणि तिने तो पुरेपूर उपभोगला. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "वाड्यांवर प्रचार कुणी केला?"

"मी केला," ती म्हणाली.

आहार त्याच संध्याकाळी बंद झाला. सरंजाम्यांचं पद गेलं. आठवड्याने आरोग्यगृहाचं फाटक उघडलं आणि आया मुलांना पोटाशी धरून रडू लागल्या. मैनाला न्यायला सुगंधाचा भाऊ काशिनाथ गेला होता. कलम नऊ मात्र लागू होतं; सुगंधा शंभर मीटरांवर, रस्त्याच्या वळणावर, पोलिसाने दाखवलेल्या जागी उभी होती.

मैनाने तिला लांबूनच ओळखलं. मामाचा हात सोडवून ती धावत सुटली.

"मागे व्हा, बाई," पोलीस हळूच म्हणाला.

सुगंधा एक पाऊल मागे गेली. मैना धावतच होती. तिला वाटलं, आई खेळतेय, म्हणून ती हसली आणि तिने वेग वाढवला. सुगंधाही वळून चालू लागली, आधी हळू, मग भराभर.