काळाच्या हातातलं कापड

मंगरूळपीरच्या बस स्टँडमागे माझं फ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, हाच धंदा. दिवाळीनंतर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा सेवालाल एक चित्र मढवायला घेऊन आला. सोबत त्याची बायको, गोमतीबाई. पुण्याकडे जुना बंगला पाडायच्या कामावर असताना मालकानं ते त्यांना देऊन टाकलं होतं. पिवळा पडलेला कागद, केसासारख्या बारीक काळ्या रेघा. पंख असलेला एक म्हातारा बसलेल्या बाईच्या डोक्यावरचं कापड ओढत होता. बाईचं तोंड पुरतं झाकलेलं.

वाशीमच्या चित्रकलेच्या वैजयंती मॅडमनी ते दुकानात पाहिलं. "इटलीतलं आहे, अठराव्या शतकातलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. म्हातारा म्हणजे काळ, बाई म्हणजे सत्य. काळ सत्य उघडं करतो, असं रूपक."

होळीच्या आधी, भर दुपारी, सेवालाल ती फ्रेम छातीशी धरून परत आला.

"दादा... हे कापड परत वर ओढता येते का?"

मी पाहिलं. कापड हनुवटीखाली उतरलं होतं. कपाळावरच्या गोंदणासकट ते तोंड गोमतीबाईचं होतं.

"जसं कापड उतरून राह्यलं, तशी गोमती वाळून राह्यली. दवाखाने झाले..."

"मग जाळून काहून नाही टाकलं?"

"तिचंच तोंड हाय न, दादा. कसं जाळू?"

काच काढली. ओल्या तांब्याचा वास आला. बारीक टाक घेऊन मी त्या तोंडावर कापडाच्या चुण्या काढत गेलो. ऊन कलेपर्यंत तोंड झाकलं. सेवालालनं पहिल्यांदा श्वास सोडला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तांड्यावरून त्याची बहीण मोतीबाई.

"लवकर ये, भाऊ... भाभी तोंडावरून कायतरी ओढून राह्यली... तोंडावर काहीच नाही, पन तिले श्वास घेता येत नाही..."

मी ब्लेडनं शाई खरवडली. ती आत मुरली होती. कागद फाटला. फोनमधून आता नुसतं बायांचं रडणं येत होतं.

फाटलेलं चित्र तसंच टाकून मी त्याला गाडीवर बसवलं. तांड्याच्या वळणावर माझा फोन वाजला. घरून उज्ज्वला, माझी बायको. आवाज दबका.

"अहो, कोनी म्हातारे पाहुणे यायचे होते का? आईच्या खाटेजवळ बसले हायेत. बोलत नाहीत... आई निजली हाय, अन् हे तिच्या तोंडावरची चादर सारून राह्यले..."